पिंजऱ्यातला मागूर

खुर्सीपारच्या भर बाजारात रुक्माच्या तोंडावर मासा येऊन बसला. फेकणारी होती बेबीताई, तिची रोजची गिऱ्हाईक.

"घे, तुझं तूच खाय!" बेबीताई कडाडली. "मासा इकून राहिली का सडकेचं डांबर? आमचा माणूस ड्युटीवरून आला, एक घास घेतला अन् ताटावरून उठला. पुऱ्या घरात वास!"

रुक्मा काही ऐकून घेणारी बाई नव्हती. ढिवरटोलीत तिच्या तोंडाला तिचा नवरा लहानूच काय, कुत्रीसुद्धा भीत. तिनं पदरानं गाल पुसला, बेबीताईच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तो वास तिच्याच नाकात शिरला. मासा ताजा होता, कल्ले लालभडक होते, पण वास डांबराचाच होता. बेबीताई खोटं बोलत असती तर रुक्मानं तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. ती खरं बोलत होती, म्हणून रुक्माचा संताप दुप्पट झाला.

हे ढिवर, जातीचे मासेमार, भंडाऱ्याकडचे. भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहायला लागला तसे मजुरीला आले. पुरुषांनी माती उपसली, काँक्रीट ओतलं. पण ढिवराला पाणी दिसलं की त्याचा हात जाळ्याकडं जातोच. कुरुदच्या वाटेवर एक जुनं तळं होतं. टोलीनं ते ठेक्यानं घेतलं, रोहू-कतल्याचं बी सोडलं आणि बाया बाजारात बसू लागल्या. आता भट्ट्या पेटल्या होत्या आणि खोदकाम आटत चाललं होतं. लहानूला अर्धा महिना घरीच बसावं लागे. तळं होतं म्हणून चूल पेटत होती. तळं गेलं तर टोलीला भिलाईत राहायचं कारणच उरणार नव्हतं, हे टोलीतलं शेंबडं पोरही जाणून होतं.

आणि त्याच तळ्याच्या वरच्या अंगाला एका ठेकेदारानं डांबराचा अड्डा टाकला होता. कारखान्याच्या वसाहतीत सेक्टरांचे नवे रस्ते व्हायचे होते, त्यांना डांबर लागे. अड्ड्यावर ते उकळायचं, रिकामी पिंपं तेजाबानं धुवायची आणि धुवण नालीत सोडायचं. नाली थेट तळ्यात उतरत होती. ठेकेदार राहायचा रायपूरला. अड्ड्यावर राज्य होतं मुनशी कृष्णरावाचं. कृष्णराव ढिवरांच्याच मुलखातला, तिरोड्याकडचा, घरी धानाची शेती. लहानपणी बांध्यांमधून ढिवरांच्या पोरांबरोबर मासे धरत हिंडलेला माणूस. इथं मुनशी झाल्यापासून मात्र ढिवर दिसला की नाकाला रुमाल लावी.

बेबीताईसारख्या दहा जणींनी बोंब मारली, बोंब वर गेली आणि सरकारी प्रयोगशाळेतून आनंदराव आले. नागपूरचे, रसायनशास्त्र शिकलेले, आणि असे सोवळे की चातुर्मासात घरात कांदासुद्धा येत नसे. तळ्याच्या पाळीवर त्यांनी बाटल्या मांडल्या तेव्हा सारी टोली भोवती जमली. आनंदरावांना गर्दी खपत नसे, माशांचा वास तर त्याहून नाही.

"बाई, लांबून बोला," ते रुक्माला म्हणाले. "मला तळ्यातले चार जिवंत मासे द्या. नालीच्या तोंडाशी पिंजऱ्यात ठेवीन. जगले तर पाणी ठीक. मेले तर पाणी वाईट."

"अन् वाईट निंगालं तं?"

"तसं लिहीन. पुढं काय करायचं ते वरचे ठरवतील. मासे विकायला बंदीही येईल कदाचित."

शाई संपली तर दुसरी दौत आणू, अशा थाटात त्यांनी हे सांगितलं. रुक्माला त्यातला एकच शब्द ऐकू आला, बंदी. टोली उठवायला आला मुडदा, असं तिनं मनात ठरवून टाकलं आणि त्या क्षणापासून आनंदराव तिचा वैरी झाला.

ती घरी गेली आणि मडक्यातून मासे घेऊन आली. चारी मागूर होते. मागूर म्हणजे काळा, बिनखवल्याचा, मिशाळ मासा. पाणी सडलं तर तो वर येऊन हवेचा घोट घेतो, तळं आटलं तर चिखलात दबा धरून बसतो. बाजारात बाया त्याला ओंजळभर पाण्यात दिवसभर ठेवतात आणि संध्याकाळी तो गिऱ्हाइकाच्या पिशवीतून उडी मारतो. रोहूचं तसं नाही. रोहू म्हणजे लाडाची लेक. पाणी जरा बिघडलं की मान टाकते. टोलीच्या पोटाला लागत होते रोहू आणि कतला. मागुरावर टोली जगत नव्हती.

आनंदरावांनी रुमालाआडून पिंजऱ्यात पाहिलं. "हे इथलेच मासे ना?"

"इथलेच, साहेब. याच तलावातले."

शब्द न् शब्द खरा होता. मागं उभ्या बायांनी तोंडात पदर कोंबले. लहानू तर हसू आवरेना म्हणून पाळीच्या पलीकडं जाऊन बसला.

तेवढ्यात कृष्णराव आला. त्यानं वाकून पिंजऱ्यात नजर टाकली, मान वर केली, रुक्माकडं पाहिलं आणि तोही हसला. आपला वैरी आपल्या चलाखीवर हसतो तेव्हा माणसानं सावध व्हावं. रुक्मा झाली नाही. तिला वाटलं, मुनशीला आता मासा ओळखायचा डोळाच उरला नाही.

दुसऱ्या दिवशी पिंजरा उघडला तेव्हा चारी मागूर असे उसळले की आनंदरावांच्या पाटलोणीवर चिखल उडाला. त्यांनी शिव्या गिळल्या आणि अहवाल लिहिला, की स्थानिक मासे नालीच्या पाण्यात जिवंत राहतात. त्या संध्याकाळी टोलीत गूळ वाटला. गंमत अशी की अड्ड्यावर पेढे वाटले.

पेढे का वाटले ते रुक्माला लवकरच कळलं. त्याच अहवालाच्या जोरावर ठेकेदारानं नाली रुंद करायची परवानगी काढली. अड्डा दुप्पट झाला, पिंपं धुवायचे नवे हौद बसले, आणि सारं धुवण तळ्यात येऊ लागलं. रुक्मा भांडायला गेली तेव्हा कृष्णराव खाटेवर बसून पान लावत होता.

"मी काय करू वो? सरकारनं मासे टाकून पाह्यलं. जित्ते निंगाले. तूच तं देल्ले होते."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रुक्मा पाय आपटत टोलीत परतली.

मग एका सकाळी तळं पांढरं दिसलं. रोहू, कतला, बोटाएवढी पिल्लं, शेकड्यानं पोटं वर करून काठाला लागली होती. पाण्यावर तेलाचा तवंग होता. बाया काठावर बसून रडल्या. रुक्मा रडली नाही. तिनं एक मेलेला रोहू उचलून टोपल्यात टाकला आणि तडक आनंदरावांचा बराकीतला खोली-नंबर शोधत गेली. दार उघडताच तिनं तो त्यांच्या उंबऱ्यावर आपटला.

"पाहा तुमचं ठीक पाणी!"

आनंदराव दोन पावलं मागं सरले. "हे काय आहे? उचला आधी ते!"

"रोहू आहे. मी तुमाले पिंजऱ्यात ठेवाले देल्ला तो मागूर होता. मागूर मोरीतही जगते. तुमची बंदी येऊ नये म्हणून देल्ला."

आनंदरावांच्या तोंडचा रंग उडाला, मग परतला तो लालबुंद होऊन. "म्हणजे तू मला फसवलंस? सरकारी माणसाला? माझा अहवाल वरपर्यंत गेला आहे. त्यावर सही आहे माझी!"

"फसले तुमी अन् मेलो आमी. ज्याले मासा वळखता येत नाही त्यानं माशाची परीक्षा घ्यायलेच कावून याव?"

"निघ इथून!"

"मी निंगतो. हा राहू द्या. वास आला तं तुमची सही दाखवा त्याले."

ती गेली. आनंदरावांनी दार लावलं. पण वास दाराखालून येत राहिला, आणि शेवटी तो मासा उचलायला दुसरं कुणीही नव्हतं.

आठवडाभरानं रस्त्यांचं काम बघणारे कारखान्याचे मोठे साहेब पाहणीला आले. मेलेल्या माशांची बोंब इतकी वाढली होती की न येऊन चालेना. पाळीवर खुर्ची टाकली. एका बाजूला टोली, दुसऱ्या बाजूला कृष्णराव आणि अड्ड्याची माणसं, मधे आनंदराव फाइल छातीशी धरून. कृष्णरावानं सरळ आरोप केला, की ढिवरांनीच मासे मारायला पाण्यात गेळाची विषारी फळं कुटून टाकली असतील, त्यांची ती जुनी रीतच आहे.

"रीत आहे," रुक्मा पुढं झाली. "आटत्या डोहात टाकतो आमी गेळ. पण आपण पोसलेल्या तलावात कोण टाकते बे? आपल्या गाईले कोणी जहर देते का?" आणि ती साहेबांकडं वळली. "साहेब, पहिल्या बारीले पिंजऱ्यात मी मागूर देल्ले. रोहू नोयते. ती परीक्षा खोटी आहे."

टोलीत एकदम कुजबुज झाली. लहानूनं तिचा पदर ओढला. साहेबांनी भुवया उंचावल्या. "क्यों आनंदराव, आपने कौनसी मछली रखी थी?"

सगळ्यांच्या नजरा आनंदरावांवर. रोहू असा एक शब्द उच्चारला असता तर ते सुटले असते. रुक्मा खोटी ठरली असती, सही शाबूत राहिली असती, आणि बाईनं उंबऱ्यावर केलेल्या अपमानाची फेड झाली असती. रुक्माला वाटलं, म्हणणार मुडदा. तिनं दात आवळले.

"साहेब, मला मासा ओळखता येत नाही," आनंदराव म्हणाले. "जे दिलं ते मी ठेवलं. पाण्याची परीक्षा पुन्हा घ्यायला हवी."

अड्ड्याची माणसं खो खो हसली. साहेबही हसले. आनंदरावांचे कान लाल झाले, पण ते जागचे हलले नाहीत. रुक्माला त्यांची दया वगैरे काही आली नाही. उलट, हा माणूस आधीच एवढा खरा वागला असता तर, असंच तिला वाटलं.

परीक्षा तिथंच झाली. दोन मडकी मांडली, एकात गावच्या विहिरीचं पाणी, दुसऱ्यात नालीचं. रुक्मानं दुसऱ्या गावच्या तलावातून आधीच आणून ठेवलेली रोहूची पिल्लं दोन्हींत सोडली. विहिरीच्या पाण्यातली फिरत राहिली. नालीच्या पाण्यातली वर आली, तोंडं उघडझाप केली, आडवी झाली आणि साहेबांचा चहा संपायच्या आत मेली.

साहेबांनी कप खाली ठेवला आणि हुकूम सांगितला. या तळ्यातले मासे धरायला आणि विकायला आजपासून बंदी.

"अन् नाली, साहेब?" आनंदरावांनी विचारलं.

"रास्ते रोक दूँ मछली के लिए? पानी मछली के लिए खराब है, आदमी तो नहीं मर रहा।"

चोर सोडून संन्याशाला फाशी! दुसऱ्या दिवशी पाळीवर पाटी लागली आणि दंडुका घेऊन चौकीदार बसला. नालीवर कुणीच बसलं नाही. ती दिवसभर आपल्या मनानं वाहत होती.

टोलीनं रुक्माशी बोलणं सोडलं. पाणवठ्यावर ती आली की बाया घागरी उचलून बाजूला होत. लहानू रात्रंदिवस एकच पालुपद लावून होता. "तुह्या तोंडानं गेला तलाव. चूप राह्यली असती तं चोरून तरी दोन मासे इकले असते."

"डांबराचे?"

"डांबराचे तं डांबराचे!"

रुक्मा चार दिवस धुमसत राहिली. पाचव्या दिवशी ती चौकीदाराजवळ जाऊन बसली आणि पाटी वाचून दाखव म्हणाली. त्यानं वाचली. तळ्यात जाळं टाकू नये, मासे धरू नये, विकू नये.

"नालीचं काही लिवलं आहे?"

"नाही बाई."

"बांध घालू नये, असं?"

"नाही लिवलं."

ढिवराला दोन गोष्टी जन्मजात येतात, जाळं विणणं आणि वाहतं पाणी अडवणं. ओढ्यात काटक्या रोवायच्या, गवताच्या पेंढ्या दाबायच्या, वर चिखलाचे गोळे थापायचे. अशा बांधाआड पाणी तुंबवून त्यांनी पिढ्यान्पिढ्या मासे धरले होते. रविवारी अड्डा बंद असे. रुक्मानं भर सकाळी नालीत उतरून पहिली काटकी रोवली. टोली लांबून बघत राहिली. ती एकटीच कंबरेपर्यंत काळ्या चिखलात, पाय चुरचुरताहेत, आणि तोंडानं सगळ्या टोलीला शिव्या. आधी एक म्हातारी उतरली, मग दोन बाया, आणि शेवटी लहानू. "सरक बाजूले," तो म्हणाला, "तुले गोळा थापता येत नाही नीट." दुपारपर्यंत बांध छातीएवढा झाला.

सोमवारी अड्ड्यानं पिंपं धुतली. धुवणाला पुढं जायला वाट नव्हती, ते मागं फिरलं. आवार भरलं, डांबराच्या भट्टीत पाणी गेलं, आणि तिथून ते कृष्णरावाच्या अंगणात शिरलं. त्याचं बिऱ्हाड अड्ड्यातच होतं. अंगणात बिनकठड्याची विहीर होती. सारं काळं पाणी तिच्यात उतरलं. त्याच्या बायकोनं, सिंधुताईनं, बादली वर ओढली तर वर तवंग आणि नाकात झणका. तिनं ती बादली नवऱ्याच्या पायाशी ओतली.

अड्ड्याच्या माणसांनी बांध फोडला. कृष्णराव तेव्हा साहेबांकडं धावला होता. ढिवरांनी माझ्या विहिरीत जहर घातलं, त्यांना आत टाका, अशी त्याची फिर्याद. साहेब आले, सोबत शिपाई आणि आनंदराव. टोलीलाही बोलावलं. रुक्मा दोन मडकी घेऊन आली.

"कैसा जहर?" साहेबांनी विचारलं. "यह तो नाली का ही पानी है। उस दिन मैंने कहा था, आदमी तो नहीं मर रहा, तब तुमने तो कुछ नहीं कहा।"

कृष्णराव चाचरला. "साहेब, उस दिन की बात अलग थी।"

"जाँच कर लो, आनंदराव," साहेब वैतागून म्हणाले. "पानी ठीक निकला तो मुंशी यही पानी पिए और शिकायत वापस ले। जहर निकला तो नाली आज ही बंद।"

आनंदरावांनी विहिरीचं पाणी बादलीत काढलं आणि रुक्माकडं पाहिलं. ती दोन्ही मडकी घेऊन कृष्णरावासमोर उभी राहिली. एकात काळे, मिशाळ मासे वळवळत होते, दुसऱ्यात रोहूची रुपेरी पिल्लं.

"मुनशीजी, तुमीच सांगा. मागूर टाकू का रोहू?"

कृष्णरावानं घराकडं पाहिलं. दारात सिंधुताई उभी होती, कडेवर लेकरू. लेकरू पाण्यासाठी किरकिरत होतं, आणि घरातली घागर सकाळपासून पालथी होती. ती नवऱ्याकडं नुसती बघत होती.

"फर्क क्या है दोनों में?" साहेबांनी विचारलं.

रुक्मानं दोन्ही मडकी कृष्णरावाच्या नाकापुढं धरली. आनंदरावांनीही त्याच्याकडंच पाहिलं. उत्तर द्यायला एकच माणूस उरला होता, धानाच्या बांध्यांमधून मासे धरत वाढलेला.

"मागूर कशातही जगते, साहेब," कृष्णराव खाली मान घालून म्हणाला. "त्यानं पाणी कळत नाही. पह्यल्या दिवशीही पिंजऱ्यात तोच होता. मी पाह्यला होता." त्यानं लेकराकडं पाहिलं. "रोहूच टाका."

रुक्मानं मागुराचं मडकं खाली ठेवलं. आनंदरावांनी रुमाल खिशात कोंबला, दुसऱ्या मडक्यात हात घातला आणि एक रोहू उचलून बादलीत सोडला.